रेडिओलॉजी घ्यायची का? आधी पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत बसून पाहा

मागच्या दिवाळीनंतरचा गुरुवार होता. गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो आणि त्या दिवशी माझ्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचे दोन्ही बाक सकाळी नऊलाच भरतात. खेड्यावरून येणारा माणूस बँक, बियाणं, भाजी आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतो. त्या गर्दीत एक मुलगी फाइल न घेता उभी होती. घाटंजीकडची, एमबीबीएसच्या इंटर्नशिपचे चार महिने उरलेली, पुढे पीजीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी. म्हणाली, "मॅडम, रँक चांगली येईन असं वाटते. सगळे म्हणून राहिले रेडिओ घे. घेऊ का?"

मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "पंधरा दिवस इथं येऊन बस. मग मीच तुला विचारीन," एवढंच म्हटलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षांपासून रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी पाहून रोगाचा रिपोर्ट देणारी डॉक्टर. दर वर्षी दोन-तीन पोरं-पोरी हाच प्रश्न घेऊन येतात. त्या मुलीकडून मी जे करून घेतलं ते इथे लिहिते, म्हणजे ज्याला माझ्याकडे येणं जमणार नाही त्याला आपल्या जवळच्या रेडिओलॉजिस्टकडे बसून तेच करता येईल.

सुरुवात कागदापासून कर. रेडिओलॉजी का हवी, ते खरं खरं लिही. कुणाला दाखवायचं नाही. बहुतेकांच्या कागदावर चारच गोष्टी निघतात: पेशंटशी बोलावं लागत नाही, रात्रीचं काम नाही, पैसा बरा आहे, आणि वरच्या रँकची सगळी मुलं तीच घेतात. चौथं कारण आत्ताच खोडून टाक. वरच्या रँकच्या मुलांनी काय घेतलं यावरून तुझी पुढची पस्तीस वर्षं ठरवायची नाहीत. बाकीची तीन तपासून पाहू.

पेशंटशी बोलावं लागत नाही, हे मोठ्या शहरात दिवसभर एमआरआय वाचणाऱ्याच्या बाबतीत खरं असेल. इकडे निम्म्याहून जास्त काम सोनोग्राफीचं, आणि ती बोलल्याशिवाय होतच नाही. "आजी, श्वास घ्या, पोट फुगवा, धरून ठेवा, सोडा" हे दिवसातून साठ वेळा म्हणावं लागतं. बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांसाठी मी गोरमाटीतली दोन-तीन वाक्यं शिकले, कोलाम पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, येणाऱ्यांसाठी हाताच्या खुणा ठरवल्या. पेशंट टेबलावर झोपला की सगळं सांगतो: नवरा दारू पितो, पऱ्हाटीवर अळी आली, दुखणं सहा महिन्यांपासून आहे पण आधी कुणाला सांगितलं नाही. त्यातलंच एखादं वाक्य तुला प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर फिरवायचं ते हातातलं यंत्र, कुठे ठेवायचा ते सांगतं.

रात्रीचं काम नाही, हेही तसंच. रेसिडेन्सीत, म्हणजे पीजी करताना, रात्रीच्या सीटीला तूच बसणार. अपघात, डोक्याला मार, अर्धांगवायू. अर्धांगवायूच्या पेशंटला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीवर पाहिल्याशिवाय देता येत नाही. रात्री दोन वाजता तो सीटी तुझ्यासमोर असतो आणि बाहेर मेडिसिनचा रेसिडेंट हातात इंजेक्शन घेऊन उभा असतो. पैशाचं पुढे सांगते, त्याला वेगळी जागा लागेल.

आता पंधरा दिवसांचं. पहिले चार दिवस फक्त एक्स-रे. आमच्याकडे लोक त्याला फोटो म्हणतात, "छातीचा फोटो काढून आणला" असं. दिवसभरात येतील तेवढे घे, पण रोज किमान वीस. रेडिओलॉजिस्टनं काय लिहिलंय ते न पाहता प्रत्येकावर आपल्या वहीत चार ओळींचा रिपोर्ट लिही आणि संध्याकाळी ताडून पाहा. छातीचा फोटो असेल तर क्रम ठरवून घे आणि तो मोडू नको. आधी नाव आणि डाव्या-उजव्याची खूण, मग श्वासनलिका मध्ये आहे का, मग दोन्ही फुप्फुसं वरून खाली एकमेकांशी तुलना करत, हृदय, छाती आणि पोटामधला मध्यपडदा, त्याच्या दोन्ही बाजूंचे कोपरे, मग बरगड्या, आणि सगळ्यात शेवटी त्या जागा जिथे रोग दडून बसतो: गळपट्टीच्या हाडामागे, हृदयामागे, मध्यपडद्याखाली.

हा क्रम मला पुस्तकानं शिकवला होता, पण पक्का केला तो एका चुकीनं. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला एक शेतकरी आला, डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या. मला त्या लगेच दिसल्या, नीट लिहिल्या, आणि पुढचा फोटो हातात घेतला. चार महिन्यांनी तो खोकल्यातून रक्त पडतं म्हणून परत आला. जुना फोटो काढून पाहिला तर उजव्या गळपट्टीमागे क्षयाचा डाग तेव्हाच होता. लहान होता, पण होता. त्या चार महिन्यांत घरातली सहा माणसं त्याच्यासोबत एका खोलीत झोपत होती. त्यातल्या धाकट्या मुलीला पुढे औषधं घ्यावी लागली. एक सापडलं की डोळा समाधानानं थांबतो, हा आमच्या कामातला सगळ्यात ओळखीचा धोका आहे. मोडलेली बरगडी दिसली तर मी आजही स्वतःला मोठ्यानं म्हणते, "आता बाकीचं पाहा."

म्हणून या चार दिवसांत किती बरोबर आले हे मोजत बसू नको. एवढंच पाहा की अठराव्या फोटोला तुझी नजर पहिल्या फोटोसारखी फिरते का. दुपारी अडीचला, पंखा गरम हवा फेकत असताना, सलग नववा नॉर्मल फोटो हातात आला तर तू तो क्रम पाळतेस की नुसतं एकदा पाहून बाजूला ठेवतेस? कंटाळा येणं गुन्हा नाही. पण कंटाळा आल्यावर ज्याची नजर सुटते आणि सुटली हे ज्याला कळतही नाही, त्यानं ही शाखा घेऊ नये.

पुढचे पाच दिवस सोनोग्राफी. सकाळी नऊ ते दुपारी तीन, फोन बाहेर ठेवून, पेशंटला विचारून आणि एका कोपऱ्यात. खासगी केंद्रात नोंदणीवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच प्रोब धरायचा असतो, तेव्हा हात लावायला मागू नको. हात लावायची गरजही नाही. पडद्यावर जे दिसतं ते वहीत काढ. यकृत, त्यात येणारी शीर, पित्ताशय, उजवी किडनी. एकदा उभा काप, एकदा आडवा. पपई उभी चिरली तर बिया कशा दिसतात आणि आडवी चिरली तर कशा, हे आपल्याला माहीत असतं, कारण अख्खी पपई आपण पाहिलेली असते. इथे अख्खी पपई कधीच दिसत नाही. दोन कापांवरून ती डोळ्यांपुढे उभी करायची. काही जणांना हे तिसऱ्या दिवशी जमायला लागतं आणि जमलं की त्यांचा चेहरा बदलतो. काहींना पाच दिवस झाले तरी पडद्यावर राखाडी पाऊसच दिसतो. रेसिडेन्सीत तेही शिकतात, पण ते शिकताना तुला गंमत वाटते की त्रास होतो, हे या पाच दिवसांतच कळतं.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तेरा वर्षांची मुलगी. उजव्या बाजूला खाली पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. रात्रीचे साडेनऊ. सर्जन यवतमाळला. बाप दारात उभा, विचारतो, "मॅडम, आता यवतमाळले जा लागते का सकाळी नेलं तं चालते?" गाडी करायची तर पैसे उसने घ्यावे लागणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी प्रोब दाबून, कुशीवर वळवून, सगळ्या बाजूंनी पाहिलं. गॅस इतका की अपेंडिक्स काही दिसेना. आता लिहायचं काय? "अपेंडिक्स नॉर्मल आहे" आणि "अपेंडिक्स दिसलं नाही" या दोन वाक्यांत ती मुलगी उभी असते. पहिलं वाक्य लिहिलं तर सगळे निवांत होतात, बाप घरी जातो, मीही जेवायला बसते. दुसरं लिहिलं तर मला माझी असमर्थता कागदावर लिहावी लागते, खाली सही करावी लागते, आणि वर सांगावं लागतं की तरीही जा. मी लिहिलं: अपेंडिक्स दिसलं नाही, दाबल्यावर त्याच जागी दुखतं, बाजूला थोडं पाणी आहे, अपेंडिसायटिस नाकारता येत नाही. सर्जनला फोन केला. रात्री ऑपरेशन झालं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं होतं, म्हणून दिसत नव्हतं. सुजून फुटायच्या बेतात होतं.

रेडिओलॉजी म्हणजे चित्रं ओळखणं, असं तुला वाटत असेल. ओळखणं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे जे दिसलं, जे दिसलं नाही आणि जिथे शंका आहे, ते तिन्ही वेगवेगळं लिहून त्याखाली आपलं नाव घालणं. तो कागद वाचून दुसरा डॉक्टर सुरी उचलतो किंवा ठेवून देतो. रिपोर्ट वकिली भाषेत गुळगुळीत करून स्वतःला वाचवणारे मी पाहिले आहेत, आणि खात्री नसताना ठासून लिहिणारेही. तुझा स्वभाव या दोन्हीकडे झुकत असेल तर आधी स्वतःशी बोलून घे.

उरलेल्या दिवसांत दोन कामं कर. पहिलं, तीन रिपोर्टच्या मागे जा. ज्या पेशंटला पुढे पाठवलं त्याचं काय झालं ते शोध. वॉर्डात जा, सर्जनला विनंती करून ऑपरेशन पाहा, घरी फोन कर. दोन वर्षांमागे एक मुलगा माझ्याकडे बसला होता, अभ्यासात फार हुशार. सहाव्या दिवशी मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या मागे तो वर्ध्यापर्यंत गेला, ऑपरेशन पाहून आला आणि म्हणाला, "मॅडम, मला हाड पाहायचं नाही, जोडायचं आहे." आज तो ऑर्थोपेडिक्स करतो आहे. माझ्याकडचे सहा दिवस त्याच्या कामी आले याचा मला आनंद आहे.

दुसरं काम, गरोदर बायांच्या तपासणीचा एक पूर्ण दिवस पाहा. त्यात निम्मा वेळ कागदांचा असतो, तोही पाहा. गर्भलिंग निवडीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिला कायदा केला. केंद्राचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, त्यात २००३ साली सुधारणा झाली. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ, तिचं आणि तुझं घोषणापत्र, दोन वर्षं जपायची कागदपत्रं, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल. फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तरी कायदा त्याला उल्लंघन मानतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ती तरतूद कायम ठेवली. मशीनला सील लागू शकतं. बाजाराच्या दिवशी पंचवीस फॉर्म भरून झाल्यावर सव्विसावा तितक्याच काळजीनं भरता येईल का, हे आत्ताच पाहा.

हा कायदा मला रोज थकवतो आणि तरी मला तो हवा आहे. सासू दाराशी येऊन हळूच विचारते, "पेढा आणू का बर्फी?" मी दर वेळी तेच उत्तर देते, की आम्ही पाहत नाही आणि सांगत नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे माझ्या स्वतःच्या गावात मी लहानपणी पाहिलंय.

त्याच दिवशी एखादी बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला आलेली दिसेल. कापसाची वेचणी सुरू होती, मजुरी बुडली असती, म्हणून आली नाही. बाळातले दोष पाहायची योग्य वेळ १८ ते २२ आठवडे. तिला २८ वा चालू, आणि बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढे अशा गंभीर दोषासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. तिच्या नवऱ्याला आत बोलवायचं, पडदा तिच्याकडून वळवून घ्यायचा आणि साध्या मराठीत सांगायचं. या वेळी तू खोलीत राहा. बाहेर जावंसं वाटलं तर तेही वहीत लिही. मी अशा प्रसंगांनंतर गावच्या आशाताईंना फोन करून सांगत राहते, की वेचणी असो की लग्नसराई, अठरा-वीस आठवड्यांना पाठवाच. काही गावांत फरक पडला आहे.

खेड्यात काम करायचं मनात असेल तर, इथे पाहायला फारसं नसतं असा समज आधी काढून टाक. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, पेशंट इतके आहेत की मोठ्या माणसाच्या पोटात प्लीहा, म्हणजे आपण पानथरी म्हणतो ती, सुपारीएवढी आक्रसलेली दिसली की मी आधी नाव-गाव नाही, रक्ताचा रिपोर्ट विचारते. पंचविशीतला मुलगा लंगडत येतो, मांडीच्या हाडाचा गोळा आतून मेलेला असतो. मणक्यांचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा खचलेला असतो. हत्तीरोगात अंडकोशाच्या सोनोग्राफीत जिवंत जंत वळवळताना दिसतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पडद्यापुढून उठले नाही. काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं खडूसारखी पांढरीशुभ्र आणि दाट झालेली असतात. खर्ऱ्यानं तोंड दोन बोटंही न उघडणारी पोरं येतात, वीस-बावीस वर्षांची. मोठ्या शहरात शिकलेल्या माझ्या मैत्रिणींनी यातल्या कित्येक गोष्टी पुस्तकातच पाहिल्या.

सीटबद्दल थोडं. एमडी किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची (एनबीईएमएस) डीएनबी तीन वर्षांची, त्याच मंडळाचा रेडिओलॉजीचा डीएमआरडी डिप्लोमा दोन वर्षांचा. काउन्सेलिंगचा चॉइस फॉर्म भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफवरून क्रम लावू नको. यंत्रणा तुझ्या यादीत वरून खाली येत जाते आणि तुझ्या रँकला जे पहिलं मिळतं ते देते, तेव्हा सगळ्यात हवं ते सगळ्यात वर. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यात आणि निम्म्या राज्याच्या असतात, दोन्हीकडे भर. दुसऱ्या पसंतीच्या शाखेसाठीही असेच पंधरा दिवस काढ, कारण रेडिओलॉजीची सीट हुकली की घाईत तीच पदरी पडते. कॉलेज निवडताना इमारत पाहू नको, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला चहाला बाहेर ने आणि विचार: पहिल्या वर्षी स्वतःच्या हातानं दिवसाला किती सोनोग्राफी होतात, एमआरआय कॉलेजचा आहे की बाहेरच्या कंपनीचा आणि रेसिडेंटला तिथे बसू देतात का, रात्रीचा सीटी वाचल्यावर सकाळी कुणी वरिष्ठ तो तपासून चूक दाखवतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर दुसरं कॉलेज बघ. चूक कुणी दाखवली नाही तर तीन वर्षांत चुकाच पक्क्या होतात.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. मॅनेजमेंटच्या सीटसाठी बापाला वावर विकायला लावू नको. या शाखेच्या खासगी सीटची फी इतर शाखांच्या मानानं फार मोठी असते, आणि पुढे मशीनचं कर्ज वेगळं. वावर गेल्यावर तू प्रत्येक पेशंटमध्ये हप्ता पाहायला लागशील. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दे, किंवा मन लागेल अशी दुसरी शाखा घे.

पैशाचं सांगते म्हटलं होतं. साधं चांगलं सोनोग्राफी मशीन लाखांत, सीटी-एमआरआय कोटींत. रेडिओलॉजिस्टला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सोनोग्राफी केंद्रांत नाव नोंदवता येतं आणि तिथल्या वेळा आधी कळवाव्या लागतात, म्हणजे दहा ठिकाणी फिरून कमावणं नाही. आणि मग कट. मी मशीन घेतलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात एक जण निरोप घेऊन आला: पेशंट पाठवू, शंभरातले तीस द्यायचे. मी नाही म्हटलं. कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या नीतिनियमांत स्पष्ट मना आहे, पण मी नाही म्हटलं ते त्यासाठी नाही. ते तीस रुपये शेवटी पेशंटच्याच खिशातून निघतात आणि नको त्या तपासण्या लिहिल्या जातात. त्यानंतर दीड वर्ष माझे बाक अर्धे रिकामे होते. मशीनचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून गेला. हळूहळू चार प्रामाणिक डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पेशंट पाठवायला सुरुवात केली आणि पुढे पेशंटच पेशंटला घेऊन आले. आज बरं चाललंय. पण तुला खेड्यात किंवा लहान गावात बसायचं असेल तर पहिली दोन वर्षं हप्ता कुठून भरणार, हे मशीन घ्यायच्या आधी कागदावर मांड. त्या दोन वर्षांत हात तंग असला की कटला हो म्हणावंसं वाटतं. सरकारी रुग्णालयात किंवा सेवाभावी संस्थेत नोकरी केली तर हा प्रश्नच येत नाही, तो रस्ताही मानाचा आहे. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून खेड्यासाठीच डॉक्टर घडवतं आहे, तिथे जाऊन एकदा फिरून ये.

कॉम्प्युटर आपलं काम खाऊन टाकेल का, हे सगळेच विचारतात. जेफ्री हिंटन या मोठ्या शास्त्रज्ञानं २०१६ साली रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा, असं म्हटलं होतं. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत माझ्या खोलीबाहेरची रांग वाढलीच. तरी मी घाबरू नको असं म्हणणार नाही, शिकून घे असं म्हणेन. क्षयाच्या तपासणीसाठी छातीचे फोटो कॉम्प्युटरनं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली मान्यता दिली आहे. हातात धरायचं एक्स-रे यंत्र गावोगावच्या शिबिरांत नेलं जातं आणि कॉम्प्युटर संशयित फोटो बाजूला काढतो. माझ्या त्या शेतकऱ्याचा डाग असल्या यंत्रानं कदाचित दाखवलाही असता, आणि मला ते हवंच होतं. पण रात्री साडेनऊला दारात उभ्या बापाला "जा" म्हणणारं कुणीतरी माणूस लागतं. त्यामुळे ज्याला हात लावून पाहायला आवडतं, पेशंटशी बोलायला आवडतं, सुई घालून गळू रिकामं करायला, अडलेल्या किडनीत नळी टाकायला आवडतं, त्याला काम कमी पडणार नाही. अशा कामाच्या शाखेत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, आता एमडीनंतर डीएमही करता येतं.

मुलींसाठी एक. किरणांच्या भीतीनं ही शाखा सोडू नको. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तशी किरणं नसतातच. एक्स-रे, सीटीच्या कामात छातीवर किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावायचा, लेड एप्रन घालायचा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची आहे. गरोदर राहिलीस तर विभागप्रमुखांना लगेच सांग. तेव्हापासून बाळापर्यंत पोचणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा नियम आहे, आणि त्याप्रमाणे काम बदलून मागणं तुझा हक्क आहे. यात लाजायचं काही नाही.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव की तू गोळ्या देणार नाहीस. माझी आई कितीतरी वर्षं विचारायची, "तू डॉक्टर आहेस ना, मग गोळ्या काहून नाही देत?" पेशंट बरा होऊन पेढे घेऊन येतो तो सर्जनकडे. ते तुला लागणार असेल तर आत्ताच लागू दे. माझ्या मनाला ते कधी लागलं नाही, कारण त्या मुलीचं अपेंडिक्स कुठे दडलं होतं ते मला ठाऊक आहे.

त्या घाटंजीकडच्या मुलीची वही पंधराव्या दिवशी मी मागून घेतली. पहिल्या आठवड्यात तिनं जवळजवळ प्रत्येक फोटोखाली "नॉर्मल" लिहिलं होतं. नवव्या दिवशी, पोट दुखणाऱ्या एका माणसाच्या सोनोग्राफीच्या चित्राखाली तिनं लिहिलं होतं: स्वादुपिंडाचं शेपूट दिसलं नाही, गॅस आहे. कुणी सांगितलं नव्हतं. मी वही परत दिली आणि विचारलं, "घेतेस का?" म्हणाली, "हाव मॅडम." यादीत तिनं रेडिओलॉजी वर ठेवली.

तुलाही यायचं असेल तर गुरुवार सोडून पहिला दिवस धर, बाजाराच्या दिवशी मला कुणाशी नीट बोलता येत नाही. यवतमाळहून सकाळची एसटी पकड, स्टँडवर कुणालाही सोनोग्राफी विचार. येताना वही आण, रेघांची नको, कोरी. आणि दोन पेन्सिली.